ताऱ्याची पाठ

१० नोव्हेंबर १९५५

प्रिय शैला,

तुझं पत्र आणि पहिलं बर्फ एकाच दिवशी आलं. मी आधी पत्र बघितलं. बर्फ चार महिने इथेच राहणार आहे.

तू लिहिलंस, काम काय करता ते नानांना कळेल असं लिहा. तर ऐक, आणि त्यांना वाचून दाखव. आकाशात एकटा दिसणारा तारा पुष्कळदा एकटा नसतो. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात, लांबून आपल्याला एकच ठिपका दिसतो. काही जोड्या तर इतक्या जवळ की एकाच्या ओढीने दुसऱ्याच्या अंगाला भरती येते. तिथे समुद्र कुठला, अख्खा ताराच फुगून लांबट होतो. तारा सुरुवातीला स्वतःभोवती गरगर फिरत असला तरी ही भरती त्याला लगाम घालते. शेवटी दोघं असे फिरू लागतात की एकाचं तोंड कायम दुसऱ्याकडे. चंद्राने आपली एकच बाजू आपल्याला दाखवावी तसं, पण इथे दोन्हीकडून. आपली पृथ्वीसुद्धा भरतीमुळे हळूहळू मंदावते आहे, दिवस कणाकणाने लांबतो आहे, हेही नानांना सांग.

सगळ्या जोड्या खरंच अशा असतात का, ते मला तपासायचं आहे. ताऱ्याचा प्रकाश पसरून काचेवर त्याचा फोटो घेतात, त्यात काळ्या रेषा उमटतात. तारा वेगात फिरत असेल तर रेषा रुंद आणि पुसट होतात. मी दिवसभर रेषांची रुंदी मोजतो. इथे आल्यापासून मराठीत बोललो तो फक्त अंघोळ करताना, स्वतःशीच. शेजारच्या खोलीतला मुलगा समजतो की मी पूजा करतो.

आज गुरुवार. वारावर जेवणाऱ्या पोराला सहा वारांची घरं विसरता येतात, पण माझा गुरुवार तुमच्याकडे होता. नानांनी कधी ‘पोट भरलं का’ विचारलं नाही, नुसतं वाढत राहायचे. मग मुलगीही दिली. ते छातीचं औषध घेतात ना? ती. नानांना सा. नमस्कार.

तुझा,
रघुवीर

ठाकूरद्वार, मुंबई
३ डिसेंबर १९५५

प्रिय,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र नानांना दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन गॅलरीत सगळ्यांना वाचून दाखवलं. आता आपल्या चाळीत ताऱ्यांना भरती येते हे शेजारच्या कमलाबाईंनासुद्धा माहीत आहे.

इथे गिरगाव तापलं आहे. एकवीस तारखेला फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला, माणसं गेली. नाना मला न सांगता गेले होते. संध्याकाळी घरी आले तेव्हा छत्री होती, पायात चपला नव्हत्या. मी बोलबोल बोलले. ते म्हणाले, “मुंबई राहिली तर चपला मिळतील गं.” खालचे दत्तारामभाऊ, छापखान्यातले, त्यांच्याबरोबर होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “वैनी, म्हाताऱ्याक मी सांभाळतंय असा तुमका वाटता, पन तोच माका ओढता.”

आता नानांचा निरोप, त्यांच्याच शब्दांत. “रघुवीरला लिही, जन्मभर गोदीच्या फळ्यावर मी खडूने भरतीच्या वेळा लिहिल्या. चंद्र डोक्यावर आला म्हणून भरती लगेच येत नाही. तिला उशीर होतोच. त्याच्या ताऱ्यांना होतो का? दिवस लांबतोय हे गिरणीमालकांना कळवू नकोस म्हणावं. आणि दोघं जन्मभर एकमेकांना तोंडच दाखवत बसले, तर त्यांची पाठ कोण बघतं?”

शेवटच्या प्रश्नावर स्वतःच खूश होऊन एक लाडू जास्त खाल्ला. औषध घेतात, पण मी समोर उभी राहिले तरच.

मी बरी आहे. शाळेत नववीला विज्ञान शिकवते, मुली गोड आहेत आणि फार प्रश्न विचारत नाहीत, त्याचंच वाईट वाटतं. संध्याकाळी दिवा लावला की तुमची आठवण येते. लिहू नये असं नाही ना?

तुमची,
शैला

२९ जानेवारी १९५६
(हे पत्र पाठवलं नाही.)

प्रिय,

नाना गेले.

सोळा तारखेला रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राकडे जाणार. गिरगाव पेटलं. गोळीबार, मग कर्फ्यू. गॅलरीत डोकावायचीसुद्धा सोय नव्हती. अठरा तारखेला दुपारी नाना भाकरी मोडता मोडता थांबले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, जरा पडतो. डॉक्टर खेतवाडीत, हाकेच्या अंतरावर, पण मधला रस्ता बंद. दत्तारामभाऊ मागच्या गल्लीतून पळत गेले. परत आले तोवर सगळं झालं होतं.

पोलिसांकडून पास काढावा लागला. भाऊ दारात उभे राहून म्हणाले, “वैनी, पास गावलो. चौघांचोच.” सबंध चाळीने ज्यांना खांदा दिला असता त्या माणसाला चार जणांनी रिकाम्या रस्त्याने चंदनवाडीला नेलं. अग्नी दत्तारामभाऊंनी दिला. तो मान तुमचा होता. मी जिन्यापर्यंत गेले, पुढे जाऊ दिलं नाही.

तुमची परीक्षा मार्चात आहे. तुम्हाला कळलं तर तुम्ही निघाल हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि निघालात तर शिष्यवृत्ती गेली, पुन्हा कोणी देणार नाही. नाना दर महिन्याला पोस्टमनला विचारायचे, जावई डॉक्टर कधी होणार, जसं काही ते पोस्टमनच्या हातात आहे. त्यांच्यामुळे तुमचं अडलं असतं तर ते वरूनसुद्धा रागावले असते. म्हणून परीक्षेपर्यंत सांगायचं नाही, असं मी दत्तारामभाऊंना बजावलं आहे. फक्त परीक्षेपर्यंत.

ठाकूरद्वार
५ फेब्रुवारी १९५६

प्रिय,

सप्रेम नमस्कार. तिकडच्या पेपरात मुंबईच्या बातम्या आल्या असतील, काळजी करू नका. कर्फ्यू होता, दूध मिळत नव्हतं, आता सगळं पूर्ववत आहे. आम्ही सुखरूप आहोत.

नानांचा हात थोडा कापतो म्हणून ते स्वतः दोन ओळी लिहीत नाहीत. तुम्ही आता फक्त अभ्यासाचं बघा असा त्यांचा हुकूम आहे. पाठीच्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही अशी तक्रारही आहे.

हे पत्र छोटं झालं. शाळा नुकतीच पुन्हा सुरू झाली, उजळणीच्या वह्या पडल्या आहेत.

तुमची,
शैला

२२ एप्रिल १९५६

प्रिय शैला,

दोन महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. परीक्षा झाली. पास झालो. निकालाच्या दिवशी सगळ्यांनी हात मिळवले, मग जो तो आपापल्या घरी गेला. मी तळ्याकाठी जाऊन बसलो. बर्फ वितळून पाणी मोकळं झालं होतं, पण त्याला भरती नाही की ओहोटी. असल्या पाण्याशी काय बोलणार?

पाठ कोण बघतं, हा प्रश्न डिसेंबरपासून माझ्या मानगुटीवर बसला आहे. उत्तर असं. त्या दोघांपैकी कोणीच दुसऱ्याची पाठ कधी बघत नाही. आपण बघतो, लांबून. एक तारा आपल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये आला, म्हणजे जोडीला ग्रहण लागलं, की पुढच्याचं तोंड मागच्याकडे असतं आणि त्याची पाठ आपल्याकडे. भरतीच्या उशिराचंही नानांचं बरोबर आहे. त्या उशिरामुळेच तर लगाम बसतो. फुगवटा ओढीच्या रेषेत राहिला असता तर कोणी मंदावलंच नसतं.

नाना यावर काय म्हणतात ते लिही. थोडक्यात उरकू नकोस. त्यांच्या शब्दांत, सविस्तर लिही.

तुझा,
रघुवीर

ठाकूरद्वार
२० मे १९५६

प्रिय,

सप्रेम नमस्कार. पास झालात! मी पेढे आणले आणि सबंध चाळीत वाटले. कमलाबाई म्हणाल्या, पेढा गोड आहे पण माणूस कुठे आहे?

नानांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, “म्हणजे ग्रहण लागल्याशिवाय पाठ दिसायची नाही. माणसाचंही तसंच. सुखात सगळे तोंडच दाखवतात.” नंतर म्हणाले, “उशिराचं माझं बरोबर होतं ना? लिहून आलंय ना? मग ते पुन्हा एकदा वाच.” मी पुन्हा वाचलं.

हल्ली ते खाली उतरत नाहीत. त्यामुळे भाजी, रेशन, दिवाबत्ती माझ्याकडेच आहे. सुट्टी लागल्यापासून दिवस फार मोठा वाटतो. तुमचं पत्र आलं की त्या दिवशी आमच्या घरात बोलणं होतं. नानांना विचारायचं असेल ते विचारत जा. त्यांना बरं वाटतं.

तुमची,
शैला

१५ जानेवारी १९५७

प्रिय शैला,

माझी फजिती ऐक. माझ्या एका जोडीचा प्रकाश दर दोन दिवसांनी मंद व्हायचा. मी धरलं की यातला एक दुसऱ्याला झाकतो आणि एक फेरा दोन दिवसांचा. त्या हिशेबाने तारे स्वतःभोवती जितक्या वेगाने फिरायला हवेत त्याच्या निम्म्याच वेगाने फिरत होते. सहा महिने मी हवेत होतो. भरतीला न जुमानणारी जोडी सापडली, नाव होणार! गेल्या आठवड्यात नव्या काचा धुऊन वाळवल्या आणि खाली आलो. फेरा चार दिवसांचा आहे. दोन्ही तारे अगदी सारखे आहेत. एकदा हा त्याला झाकतो, दोन दिवसांनी तो याला. दोन्ही वेळा प्रकाश सारखाच कमी होतो, म्हणून मी समजत राहिलो की दर वेळी एकच बिचारा झाकला जातोय. चार दिवस धरले की सगळं जुळतं, चारच दिवसांत गिरकी, तोंडाला तोंड. प्राध्यापक पोट धरून हसले. म्हणाले, या धंद्यात ही चूक प्रत्येकाला एकदा करावीच लागते.

आता प्रबंध जवळजवळ पहिल्यापासून लिहायचा.

वाईट वाटलं त्यापेक्षा जास्त हे वाटलं की ही गोष्ट सांगायला इथे कोणी नाही. ज्यांना चूक कळते त्यांना मी कळत नाही. जेवण मी उभ्यानेच उरकतो. टेबलाशी एकट्याने बसलं की समोरची खुर्ची फार मोठी दिसते.

नाना काय म्हणतील? ते हसतील का रागावतील, तू सांगण्याआधी मला अंदाज बांधायचा आहे. मी म्हणतो, हसतील.

तुझा,
रघुवीर

ठाकूरद्वार
२५ मार्च १९५७

प्रिय,

सप्रेम नमस्कार. अंदाज बरोबर आला. हसले. म्हणाले, “दोघं सारखे असले की कोण झाकलं गेलं ते लांबून कळायचं नाही. जवळ जाऊन बघ म्हणावं.” मग म्हणाले, “चूक स्वतः पकडलीस ना, मग जेव आता, बसून जेव.”

निवडणूक झाली. गिरगावात समितीचा इतका जल्लोष होता की कान किटले. नाना मतदानाला गेले. दत्तारामभाऊंनी त्यांना खुर्चीत बसवून नेलं. बोटाची शाई चार दिवस पुसू दिली नाही. मीही गेले. रांगेत माझ्या शाळेतल्या दोन मुलींच्या आया भेटल्या, आम्ही आता दर शनिवारी सभेला एकत्र जातो. मला घोषणा देता येते हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा आवाज चिरकला, मग लागला.

कधी कधी तुमचं पत्र यायला उशीर होतो, आणि मला वाटतं, नाना बोलायचे थांबले तर मी तुम्हाला काय लिहीन? माझ्याजवळ माझं असं सांगण्यासारखं किती आहे? हे उगीच लिहिलं. रात्रीचं लिहू नये.

तुमची,
शैला

२० ऑक्टोबर १९५७

प्रिय शैला,

प्रबंध मान्य झाला. नानांचा जावई डॉक्टर झाला, नुसता ताऱ्यांचा.

इथल्या विद्यापीठाने कायमची नोकरी देऊ केली आहे. राहायला दोन खोल्या आणि मागे झाड आहे. डिसेंबरअखेर हो की नाही सांगायचं. हो म्हटलं तर तुझं तिकीट मी पाठवतो. मला तू इथे हवी आहेस. हे तुला मी कधी सरळ लिहिलं नाही, कारण आपल्याकडे असं लिहीत नाहीत. शैला, तुला यायला खरी अडचण काय आहे? जे असेल ते लिही. मी वाचायला तयार आहे. काहीही असलं तरी.

तुझा,
रघुवीर

ठाकूरद्वार
१० नोव्हेंबर १९५७

प्रिय,

सप्रेम नमस्कार. अभिनंदन! तुमच्या नावापुढे डॉक्टर लिहून बघितलं, छान दिसतं.

तुम्ही विचारलंत अडचण काय. अडचण तुम्हाला माहीत आहे. नानांना टाकून कशी येऊ? या वयात त्यांना तिथली थंडी सोसणार नाही, आणि इथे त्यांना माझ्याशिवाय कोण आहे? तुम्ही नोकरी घ्या. माझ्यामुळे अडून राहू नका. नाना म्हणतात, पोराला आपल्या पायांवर उभं राहू दे.

तुमची,
शैला

८ डिसेंबर १९५७

ती. नानांच्या चरणी रघुवीरचा साष्टांग नमस्कार.

नाना, हा नमस्कार मी पावणेदोन वर्षांनी लिहितो आहे. तुम्ही गेलात हे मला त्याच फेब्रुवारीत कळलं. दत्तारामचं पत्र आलं होतं. त्याने लिहिलं, अग्नी मी दिला, ज्याने अग्नी दिला त्याने मुलाच्या जागी असलेल्या जावयाला कळवायला हवं, नाहीतर माझ्या हातून पाप होईल. पण वहिनी सांगणार नाहीत म्हणाल्या, तेव्हा तुम्हाला माहीत आहे असं दाखवू नका. मी तुमच्यासाठी तळ्यात अंघोळ केली. बर्फ फोडून. ताप आला. ताप असतानाच परीक्षा दिली आणि पास झालो, कारण मी पास झालो नसतो तर तिचं खोटं वाया गेलं असतं.

मला वाटलं परीक्षा झाली की ती लिहील. तिने लिहिलं, नाना म्हणाले. काय बोलला होतात तुम्ही त्या पत्रात! मी ते वाचून हसलो, आणि मग कळलं की हे तिचं आहे, आणि ती हे लिहिताना एकटी नसणार. मग मी ते कसं मोडू? मी प्रश्न विचारत गेलो. तेव्हापासून माझ्या एकाही पत्रात ‘नानांना नमस्कार’ नाही, ती विज्ञानाची बाई असून तिच्या लक्षात आलं नाही. गेलेल्या माणसाला ‘नमस्कार सांगणे’ असं लिहायला हात होईना. तुमच्या औषधाची चौकशीही केली नाही. फक्त तुम्ही काय म्हणता तेवढं विचारलं.

खरं सांगू? मी तिच्यासाठी विचारत होतो ही अर्धीच गोष्ट आहे. मलाही तुम्ही हवे होतात. तिच्या पत्रात मला दर महिन्याला एकदा पान वाढलेलं मिळायचं.

पण नाना, आता त्यामुळेच अडलं आहे. तुम्ही त्या घरात आहात तोवर ती निघू शकत नाही, आणि मी तिला निघ म्हणू शकत नाही. तुमच्या आडून आम्ही एकमेकांना तीच एक बाजू दाखवत बसलो आहोत, ती सोशिक, मी समजूतदार. तेव्हा पायांवर डोकं ठेवून मागतो. तुम्ही आता निघा. मुलगी दिली होतीत, ती मला पुन्हा एकदा द्या.

हे पत्र उघडणार कोण ते मला माहीत आहे.

तुमचा,
रघुवीर

ठाकूरद्वार
२ जानेवारी १९५८

रघुवीर,

पत्राच्या वर तुमचं नाव आज पहिल्यांदा लिहिलं. रागात लिहिलं आहे.

तुम्हाला माहीत होतं. मी मे महिन्यात नानांचं बोलणं रचत होते तेव्हा माहीत होतं, मतदानाची खुर्ची रचली तेव्हा माहीत होतं. मी वर्षश्राद्धाच्या दिवशी शाळेत गेले, आठ तास शिकवलं, घरी आले आणि कोणापाशी रडले नाही, कारण ज्यांच्यापाशी रडायचं त्यांनाच ते माहीत असून चालणार नव्हतं. आणि तुम्ही तिथे तेच गिळून बसला होतात! मी समजत होते एकटी मीच झाकते आहे. आपल्या दोघांचे नाना गेले आणि आपण त्यांना दोन देशांत दोनदा, चोरून, एकेकट्याने रडलो. कशासाठी? कोणाचं भलं झालं?

दत्तारामभाऊंना जाब विचारायला गेले. ते म्हणाले, “वैनी, मी मेलेल्याचो मान राखलंय आनि जित्याचोपन. माका गाळी घाला.” मग मी जिन्यावर बसून रडले आणि त्यांच्या बायकोने चहा दिला. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तुमचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. नानांशी इतकं छान बोललात. माझ्याशी असं कधी बोलला नाहीत. आणि शेवटी मागितलंत तेही त्यांच्याकडे! नाना जिवंत असताना तुम्ही मला त्यांच्याकडे मागितलंत, ते ठीक, रीत होती. आता ते नाहीत तरी त्यांच्याकडेच? मी काय त्यांच्या कपाटात ठेवलेली वस्तू आहे? मला आजवर कोणी विचारलेलं नाही की शैला, तुला काय हवं आहे. नानांनी नाही, तुम्ही नाही. मीसुद्धा नाही.

विचारायचं तर मला विचारा.

शैला

२६ जानेवारी १९५८

प्रिय शैला,

तुझा राग रास्त आहे. मी त्याला उत्तर देत नाही.

विचारतो. तुला इथे यायचं आहे का? नाना, शाळा, लोक, मी एकटा आहे याची दया, यातलं काहीही मध्ये न आणता सांग.

आणि तू उलट विचारण्याआधी माझं सांगून टाकतो. मी नोकरीला हो म्हटलं. कागदावर सही करताना मला कोणाची आठवण आली नाही, आणि बाहेर आल्यावर त्याचीच भीती वाटली. तू म्हणालीस तर परत येईन, असं पाच वेळा लिहून फाडलं. ते खोटं होतं. गिरगावात मला परत यायचं होतं ते एका घरात, एका पानावर, आणि तिथे वाढणारा माणूस आता नाही. तुला मी ओळखतो का, हा प्रश्न मला या पंधरा दिवसांत पहिल्यांदा पडला. रागावलेलं पत्र वाचलं तेव्हा वाटलं, या बाईला मी भेटलेलो नाही. ती मला फार आवडली. पण त्यासाठी मी घरी यायला तयार नाही, हेही तितकंच खरं आहे. लिहिताना लाज वाटते.

रघुवीर

ठाकूरद्वार
२३ फेब्रुवारी १९५८

प्रिय रघुवीर,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण मला वाटलं होतं तुम्ही विचारलंत की माझ्या तोंडून हो निघेल. इतकी वर्षं तेच तर ऐकायचं होतं. विचारलंत, आणि वाट बघितली तरी हो निघेना.

मला यायचं नाही. तिथे दोन खोल्यांत तुमची वाट बघत बसायचं. वाट तर मी इथेही बघते, पण निदान इथे मला भाजीवाली ओळखते, शनिवारी मैत्रिणी जिन्याखालून हाका मारतात. नववीच्या मुली आता प्रश्न विचारू लागल्या आहेत. परवा एकीने विचारलं, बाई, ते दोन तारे कधी सुटत नाहीत का? मी म्हटलं, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर कळवा, तिला सांगायचं आहे.

तुमचं ‘नाही’ वाचून वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. दोन दिवस शाळेत गेले नाही. पण लाज वाटून घेऊ नका. तुम्ही मला लिहिलेलं ते पहिलंच पत्र आहे. आपल्या नात्याचं पुढे काय नाव ठेवायचं, ते लोक विचारतील तेव्हा बघू. कमलाबाई विचारतीलच, त्यांना मी सांगेन.

नाना गेल्यापासून मी रोज रात्री भात दोघांचा लावत होते. हात सवयीने दोन मुठी घ्यायचे आणि मी त्यांना अडवत नव्हते. उरलेला सकाळी फोडणीला घालायचा, डब्यात न्यायचा, असं चाललं होतं. काल पहिल्यांदा एकटीपुरता लावला. एकटीला किती लागतो ते मला माहीतच नव्हतं, अंदाज चुकला. जेवून उठले तरी भूक होती. मग पुन्हा मूठभर तांदूळ धुतले आणि स्टो पेटवला.

शैला